कोचीचा थांबा

आमच्या भावकीनं बोटीची सहल काढायची ठरवली, तेव्हा भावकीतल्या निम्म्या माणसांनी डिंभ्याच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. हे मी कुणाला हिणवायला लिहीत नाही. माझा समुद्रही शाळेच्या सहलीत अलिबागला पाहिलेला, तोही ओहोटीचा. त्या वर्षी टोमॅटोनं सगळ्यांना हात दिला होता आणि नारायणगावच्या बाजारात कुणीतरी आमच्या चेअरमनना जहाजाचं रंगीत पुस्तक दाखवलं होतं. चेअरमन म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, गावातल्या दूध डेअरीचे. डेअरीचे चेअरमन ते आधी झाले आणि भावकीचे आपोआप झाले.

ही हकीकत लिहू का, असं मी माझ्या काकीला विचारलं. ती म्हणाली, "लिही. आता कुणाचं काय जाणार हाय? नावं तेवढी घालू नको." म्हणून नावं नाहीत.

काकी म्हणजे माझी थोरली चुलती. काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एकच मुलगी. ती पुण्यात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिथं बरोबर काम करणाऱ्या केरळच्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा दुसऱ्या धर्माचा; पुढं दोघं कोचीला राहायला गेली. लग्नाची बातमी शिनोलीच्या बाजारात आधी पोचली आणि काकीकडे नंतर. चेअरमननी भावकीला खंडोबाच्या देवळात बोलावलं, ताटात भंडारा ठेवला, आणि प्रत्येकानं त्यावर हात ठेवून म्हटलं की या पोरीला भेटायला कुणी जायचं नाही, तिला कुणी बोलवायचं नाही, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. मग एकेक चिमूट कपाळाला. काकीचा हात चेअरमनच्या बायकोनं मनगटाला धरून ताटावर ठेवला, पण शब्द काकीनं स्वतःच्या तोंडानं उच्चारले. ती हे कधी नाकारत नाही.

भंडारा न उचलणारा भावकीत एकच माणूस निघाला, माझे वडील. त्यांचा घोडेगावात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून ते पोट भरायचे आणि उरल्यासुरल्या कागदावर पत्रकं छापायचे. धरणात जमिनी गेलेल्यांसाठी, अंगात आणणाऱ्यांविरुद्ध, पाणवठ्यावरच्या भेदाविरुद्ध. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला शब्द 'निषेध' होता. आई म्हणायची, या पोरीला बडबडगीत म्हणायला लावलं तर ही घोषणा देते. भंडाऱ्याच्या प्रकरणावरही वडिलांनी पत्रक काढलं आणि बाजाराच्या दिवशी वाटलं. पिवळ्या पुडीवर हात ठेवून आईला मुलीपासून तोडणाऱ्यांना जाब विचारा, असं त्यात होतं. जाब कुणी विचारला नाही. उलट भावकीची गोष्ट बाजारात गेली म्हणून भावकी आणखी घट्ट झाली. ज्यांनी एरवी वर्षभरात तोंड फिरवून का होईना, पण काकीला विचारलं असतं की "पोरगी बरी हाय का?", त्यांनीही विचारलं नाही. वडिलांचं म्हणणं मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतं. पत्रक वाटून झाल्यावर कुणाला घरी परत जायचंय, हे मात्र पत्रकात कुठं लिहिलेलं नसतं.

तर सहल. मला त्यात ओढलं ते इंग्रजीसाठी. जहाज कंपनीकडून आलेले सगळे कागद इंग्रजीत. चेअरमननी मला डेअरीत बोलावून सांगितलं, "लेखिकाबाई, हे मराठीत करून ग्रुपवर टाका. आन् आपल्या पत्रकासारखं नगं. लोकांना समजंल असं."

मी थांब्यांची यादी डेअरीच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. मुंबई, कोची, लक्षद्वीप, गोवा, परत मुंबई. काकी दुधाची किटली घेऊन उभी होती. घरी जाताना मला गाठून तिनं विचारलं, "बोट कोचीला किती येळ थांबती?"

"सकाळी लागते, संध्याकाळी निघते."

"माणसं उतरत्यात?"

"उतरतात की. गाव बघायला सोडतात."

तिनं किटली या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "म्हंजी मी काय भेटाया गेले असं न्हाई व्हणार. बोट जाती. बोटीत आपली समदी भावकी हाय. तिथं ती पोरगी आली, तर आली."

मला हसावं की रडावं कळेना. "आणि बोलायचं नाही त्याचं काय?"

"बोलणार न्हाई की. बाळाला घीन. बाळ भंडाऱ्यात न्हाई."

बाळ खरंच भंडाऱ्यात नव्हतं. शपथ झाली तेव्हा ते जन्मायचंच होतं; पुढं कोचीत झालं, त्याची बातमी काकीला माझ्याकडून मिळालेली. काकीनं या शपथेची इतकी वर्षं मनातल्या मनात उलटतपासणी केली असणार, एखाद्या वकिलानं करावी तशी, आणि तिला सापडलेली फट एवढीच होती. बाहेरून सगळं भावकीच्या मनासारखं, आणि आत एक दिवस, एक नातू. मी तिला म्हटलं, काकी, सरळ रेल्वेचं तिकीट काढू, मी येते बरोबर. ती म्हणाली, "ते भेटाया जाणं झालं." विषय संपला.

सख्ख्या बहिणीसारखी माझ्याबरोबर वाढलेली माझी ती चुलतबहीण, तिला मी फोन केला. तिच्याशी मी नेहमीच बोलत होते. शपथेच्या दिवशी मी देवळात नव्हते, माझ्या हाताला भंडारा लागलेला नव्हता. ती आधी चिडली, "मी काय स्मगलिंगचा माल आहे का, बंदरावर गाठायला?" मग म्हणाली, "येईन. बाळाला घेऊन गेटच्या बाहेर उभी राहीन. तिला सांग, एक शब्द बोलली नाही तरी चालेल."

त्यानंतर ग्रुपवर कपड्यांचं प्रकरण सुरू झालं. कंपनीचे नियम साधे होते. जेवणाच्या हॉलमध्ये लुंगी, बनियन आणि बाथरूमच्या चपला चालणार नाहीत. पोहायच्या तलावात पोहायचाच पोशाख हवा. एका रात्री सगळ्यांनी रुबाबदार कपडे घालायचे, एका रात्री सगळ्यांनी पांढरे. मी हे भाषांतर करून टाकलं आणि भावकीला जणू चावडी मिळाली.

"पांढरं? आपण जल्माचेच पांढरे की राव! टोपी, नेहरू शर्ट, लेंगा. कंपनीनं आपल्याला बघूनच नियम केलाय."

"रुबाबदार म्हंजी फेटं. पुण्याहून बांधणारा न्यायचा."

"त्याचं तिकीट कोण काढणार? तुमीच शिका बांधाया."

"पवायला साडी चालत न्हाई म्हनं. आमी इहिरीत साडीवरच शिकलो, बुडलो का?"

इथवर मलाही मजा वाटत होती. मग चेअरमनचा स्वतःचा निर्णय ग्रुपवर आला. बाप्यांनी वाटेल ते घालावं. बायांनी जहाजावर सगळे दिवस साडी नेसावी, मंगळसूत्र वरून दिसावं, सुनांनी गाऊन आणि पँट घालू नये, आणि फोटोसाठी सगळ्या बायांच्या साड्या एकसारख्या, मोरपंखी. पांढऱ्या रात्री बायांनी मोरपंखीच नेसावी, कारण कुंकवाच्या बायांनी पांढरं नेसणं बरं दिसत नाही. मी खाली लिहिलं की कंपनीचा नियम सगळ्या प्रवाशांना सारखा आहे, बायांसाठी वेगळी घटना कुणी लिहिली? त्यावर नुसती हात जोडलेली चित्रं आली.

साड्या निवडायला बायका चेअरमनच्या घरी जमल्या, तेव्हा त्यांच्या बायकोनं काकीकडे पाहून म्हटलं, "तुमचं बरं हाय बाई, तुमाला त्या रात्री पांढरं बी चालंल." दोघी-तिघी हसल्या. काकीही हसली. मी रागानं काही बोलणार, तर काकीनं साडीची घडी माझ्या मांडीवर ठेवली. "ही बघ गं, रंग उतरंल का हिचा?" मी साडीचा काठ बोटानं चोळून पाहिला. तिला कोची हवं होतं. कोचीसाठी ती मोरपंखी नेसली असती, पांढरं नेसली असती, तिनं फेटासुद्धा बांधला असता.

तिची तयारी मी पाहिली आहे. जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी शिवली. बाळाचं डोकं केवढं असेल याचा अंदाज शेजारच्या नातवावरून घेऊन टोपडं शिवलं आणि मग उसवून मोठं केलं, कारण "त्यांच्याकडची माणसं थोराड असत्यात." हे सगळं तिनं बॅगेत तळाला घातलं आणि वर मोरपंखी साडी ठेवली.

मग कंपनीचा निरोप आला. त्या तारखेला कोचीच्या बंदरात जागा मिळत नसल्यानं थांबा रद्द. त्याऐवजी एक दिवस समुद्रातच. ज्यांना कोची हवंच असेल त्यांना पुढच्या आठवड्याच्या फेरीत जागा देऊ, मात्र सगळ्या गटानं एकच फेरी निवडावी आणि दोन दिवसांत कळवावं.

त्याच आठवड्यात आमच्या गावची यात्रा होती.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. यात्रेच्या आदल्या दिवशी देवाच्या मांडवासाठी झाडाच्या डहाळ्या बैलगाड्यांतून वाजतगाजत आणतात. त्याला आम्ही मांडवडहाळे म्हणतो. पहिली गाडी कुणाची, यावर आमच्याकडे डोकी फुटलेली आहेत. पहिल्या गाडीचा मान आमच्या भावकीचा. दुसऱ्या दिवशी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, बैलगाड्यांची शर्यत; एका गाडीची धाव म्हणजे बारी. एखादा मुलगा लष्करातून रजा मिळाली नाही म्हणून आला नाही, तर त्याची वर्षभर थट्टा होते. मला हे सगळं आवडत नाही असंही नाही. लहानपणी डहाळ्यांच्या गाडीत मीही बसले आहे. पण त्या निरोपानंतर काकीच्या आणि तिच्या नातवाच्या मधे नेमकी ती गाडी येऊन उभी राहिली.

डेअरीच्या हॉलमध्ये बैठक भरली. पुढं पुरुष खुर्च्यांवर, मागं बायका सतरंजीवर. काकी भिंतीला टेकून. तिला स्वतः तोंड उघडता येत नव्हतं. कोची पाहिजे असं ती म्हणाली असती, तर ते पोरीसाठी जाणं झालं असतं आणि मग तिच्या हिशेबात शपथ मोडली असती. म्हणून बोलायचं मी.

मी उभी राहिले. म्हटलं, आपण तीन थांबे ठरवून पैसे भरले आहेत. कंपनी एक थांबा काढून घेते आणि त्याच्या बदल्यात नुसतं पाणी दाखवते. आपण मुकाट्यानं हो म्हटलं तर ते आपल्याला खेडवळ समजून उद्या गोवाही काढतील. पुढची फेरी मागून घेणं हा आपला हक्क आहे. मी चांगली बोलले. बापाची मुलगी आहे मी.

"आन् मांडवडहाळे?" एकानं विचारलं.

"गावातली बाकीची भावकी आहे की. एक वर्ष गाडी त्यांनी न्यावी."

हॉलमध्ये जो गलका झाला तो लिहिता येणार नाही. कुणी म्हणालं, "आरं, हिला खाली बसवा!" कुणी म्हणालं, "कोचीत हाय तरी काय? किल्ला बघायचा तर शिवनेरी हाय की."

"मासळीचा वास हाय तिथं. आमच्या घरात माळकरी माणसं हायती."

"घाटात बारी बसायची सोडून मी काय नारळाची झाडं मोजाया जाऊ?"

मी पुन्हा हक्काचं बोलायला लागले, तेव्हा चेअरमननी हात वर केला. चेअरमन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कोचीत काय हाय ते हितं समद्यांना ठाव हाय."

कुणीही दचकलं नाही. त्या क्षणी मला समजलं की सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. काकीनं बॅगेत तळाशी काय ठेवलंय तेसुद्धा बहुधा. आम्ही दोघी ज्याला लपवाछपवी समजत होतो, ती ते मजेनं पाहत होते.

चेअरमन खुर्चीतून वळले. "वहिनी, पोरीला कशापायी उभं करताय? तुमीच सांगा. तुमाला कोची पायजेल का? तुमी निसतं हो म्हना. खंडोबाच्यान् सांगतो, डहाळ्याचा मान मी सोडतो. समदी जाऊ कोचीला."

इतका उदार माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला पक्कं ठाऊक होतं की ती हो म्हणू शकत नाही. आणि म्हणालीच, तर भंडारा तिनं मोडला, तोही सगळ्यांदेखत, देवाच्या मानाचा बळी घेऊन. वर त्याचा मोठेपणा शिल्लक.

मी काकीकडे पाहिलं. मनात ओरडत होते, म्हण, हो म्हण, एकदा म्हण. तिनं पदर कपाळावर ओढला.

"मला काय करायचीय कोची?" ती म्हणाली. "जिकडं समदी तिकडं मी."

"झालं," चेअरमन म्हणाले. "आता फेट्याचं काय ते बोला."

आणि खरोखर पुढचा तासभर ते फेट्यावर बोलले. भगवा की गुलाबी. तुरा ठेवायचा की नाही. जहाजावर वारा असतो, तर आतून पिना लावाव्यात का. मी ऐकत बसले. काकीसुद्धा बसली. मधेच तिनं चहाचे कप गोळा केले.

घरी येताना मी तिच्यावर तुटून पडले. "एक शब्द होता, काकी. एक. त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. धरायचं होतंस त्यांना शब्दात."

"शबूद देनाराला म्हाईत व्हतं मी काय म्हनणार."

"मग चुकीचं ठरवायचं होतंस त्याला! पिवळी पूड आहे ती. हळद आहे."

"तुझ्या बापानं ह्येच छापलं व्हतं," ती म्हणाली. "कागूद वाटून त्यो घरी गेला. त्याची पोरगी त्याच्या घरात व्हती."

 

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली. म्हणाली, तिला फोन कर आणि सांग बोट येत नाही, उगाच रजा टाकून बसंल. मी फोन लावला, आवाज मोठा ठेवला. काकी शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली. ऐकायला बंदी नव्हती.

मी बहिणीला सगळं सांगितलं. थांबा रद्द झाला, दुसरी फेरी यात्रेत येते, बैठक झाली. ती शांतपणे ऐकत होती. मागं बाळाचा आवाज येत होता, कसलं तरी भांडं आपटण्याचा.

"बैठकीत आई होती?"

"होती."

"तिला विचारलं कुणी?"

मी काकीकडे पाहिलं. ती हलली नाही. खोटं बोलणं मला अवघड नव्हतं, नेटवर्क गेलं म्हणून फोन ठेवता आला असता. पण बहिणीनं हे मागाहून दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर?

"विचारलं," मी म्हणाले. "ती नको म्हणाली."

मग ती म्हणाली, "आणि आता बोटीवर जाणार आहे ती? त्यांच्याबरोबर?"

"जाणार आहे. नाही गेली तर कोचीसाठीच निघाली होती हे सिद्ध होईल."

"ठीक आहे," माझी बहीण म्हणाली. तिच्या आवाजाला धार आली होती, आमच्या घराण्याची. "मग तिला सांग, मी काही भंडारा उचललेला नाही. मला कुणी बोलवायची गरज नाही. माझं गाव आहे ते. यात्रेला येते मी. नवऱ्याला आणि बाळाला घेऊन. मांडवडहाळ्यांच्या दिवशी पहिल्या गाडीच्या पुढं उभी राहते. बघू कोण माझ्याशी बोलत नाही ते."

इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते हेच होतं. मी "ये!" असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकीनं माझ्या हातातून फोन हिसकावला.

"येऊ नगं," ती म्हणाली.

पलीकडे सगळं थांबलं. भांडंसुद्धा.

"येऊ नगं गं बाई. बाळाला आणू नगं हितं. त्यांच्या तोंडातनं जे निघंल ना, ते त्याच्या कानावर नगं."

"आई?" पलीकडून आवाज आला. "आई, तू बोलतेयस?"

काकीनं फोन माझ्यापुढं धरला. कुठलं बटण दाबून तो बंद करायचा हे तिला माहीत नव्हतं. बहीण पुन्हा पुन्हा "आई" म्हणत होती आणि काकी माझ्याकडे पाहत मान हलवत होती, बंद कर, बंद कर. मी फोन बंद केला.

ती उठली. पदर सारखा केला. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मी बोलले म्हनून कुनाला सांगू नगं."